खाजेची ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नये : मराठवाड्यातील औषध विक्रेत्यांना खुले पत्र

मराठवाड्यातील सर्व औषध विक्रेते आणि फार्मासिस्ट बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

त्वचारोगांवर उपचार करणारा एक डॉक्टर म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. ते अन्न व औषध प्रशासनाला न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण असे की, प्रशासनाकडे मागायचा तो कायदा केव्हाच झालेला आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची स्टिरॉइडयुक्त मलमे शेड्यूल एचमध्ये आणली आणि तेव्हापासून नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. खोक्यावर तसा इशारा छापलेला असतो. तरीही माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना विचारले की आधी काय लावले, तर उत्तर बहुधा एकच मिळते : ‘मेडिकलवरून ट्यूब आणली होती.’ गेवराई असो, परतूर असो, किनवट असो की उमरगा, आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरवर उभे राहून ‘गचकरण झालंय, चांगली ट्यूब द्या’ एवढे म्हणणाऱ्याला काय मिळते आणि त्याचे पुढे काय होते, याविषयी आपल्याशी स्पष्ट बोलावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

त्या ट्यूबच्या खोक्यावरची बारीक अक्षरे माझ्यापेक्षा आपल्या नजरेखालून अधिक जातात. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे तीव्र स्टिरॉइड, सोबत क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा टर्बिनाफिन असे एखादे बुरशीनाशक, आणि वर निओमायसिन, जेंटामायसिन किंवा ऑफ्लोक्सासिन यांपैकी एखादे प्रतिजैविक, अशी ती मिसळ असते. रोग कोणताही असो, यातले काही ना काही लागू पडेलच, हा त्यामागचा हिशेब. प्रत्यक्षात सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात काम करते ते स्टिरॉइड. त्वचेतला दाह ते दाबते, त्यामुळे दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, चट्ट्याची उठावदार कड बसते आणि रुग्णाला वाटते की रोग गेला. नायट्याची, म्हणजेच गचकरणाची, बुरशी मात्र जिथल्या तिथे असते. उलट तिच्याशी झुंजणारी शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी स्टिरॉइडने निष्प्रभ केलेली असते, आणि बुरशीला पसरायला मोकळे रान मिळते. लावणे थांबवताच खाज दुप्पट जोराने परत येते आणि रुग्ण पुन्हा आपल्या दुकानात येऊन त्याच ट्यूबचे नाव घेतो. गुण आला होता ना! त्या तात्पुरत्या गुणावरच ही सगळी विक्री उभी आहे, आणि नेमका तोच गुण फसवा आहे.

काही महिने असे चालल्यावर तो नायटा नायट्यासारखा दिसतही नाही. नेहमीच्या गोल चकतीऐवजी वर्तुळात वर्तुळ, त्यातही अर्धवट पुसट कडा, मधेच पुटकुळ्या, असे चित्र तयार होते आणि अनुभवी डॉक्टरालाही कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय खात्री देता येत नाही. वैद्यकशास्त्राने या बदललेल्या रूपाला १९६८ मध्येच वेगळे नाव दिले होते, म्हणजे हे संकट आपल्याकडचे किंवा आजचे नाही. आजची आणि आपल्याकडची जी भर आहे ती अधिक गंभीर आहे. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या बुरशीची एक वेगळी जात नोंदवली आणि तिचे नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी असे ठेवले गेले. या बुरशीचे अनेक नमुने टर्बिनाफिन या आपल्या हुकमी औषधाला दाद देत नाहीत. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावामागचे एक महत्त्वाचे कारण असावे, असे या विषयातील बहुतेक तज्ज्ञ मानतात. पूर्वी काही आठवड्यांत बरा होणारा नायटा आज महिनोन्महिने औषध घेऊनही हटत नाही, हे आपणही आपल्या गिऱ्हाइकांकडून ऐकत असाल.

मराठवाड्यात या रोगाला पोषक परिस्थिती आयतीच आहे. उन्हाळा लांब, घाम भरपूर, अंगात दिवसभर जाड जीन्स किंवा घट्ट लेगिंग, आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात रोज अंघोळ करा, कपडे धुऊन उन्हात वाळवा, असे सांगताना सांगणाऱ्यालाच संकोच व्हावा. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे पुढचे काही महिने कोपीत, म्हणजे लहानशा झोपडीत, राहतात; एकच टॉवेल, एकच गोधडी, नवरा-बायको आणि लेकरे जवळजवळ झोपलेली. एकाला झालेला नायटा महिन्याभरात सगळ्यांना होतो. डॉक्टरकडे जायचे तर खाडा पडतो आणि घेतलेल्या उचलीतून पैसे कापले जातात, म्हणून कारखान्याजवळच्या दुकानातून ट्यूब आणली जाते आणि ती सगळ्या कोयत्यांमध्ये, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्यांमध्ये, फिरते. हंगाम संपवून परत आलेला असाच एक तरुण माझ्याकडे आला तेव्हा त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून शेवटपर्यंत पिळून चपट्या केलेल्या ट्यूब टेबलावर ओतल्या. नावे वेगवेगळी, कंपन्या वेगवेगळ्या. सगळ्यांत स्टिरॉइड मात्र क्लोबेटासोलच. त्याच्या दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बोटाएवढे रुंद, लालसर-जांभळे, खोलगट पट्टे उमटले होते. कातडी त्या जागी कागदासारखी पातळ झाली होती आणि हात लावला की तो कळवळत होता. नायटा मी आज ना उद्या बरा करीन, पण ते पट्टे आयुष्यभर राहणार, हे त्याला सांगणे भाग होते. कारण ताणून फाटलेला त्वचेचा आतला थर पूर्ववत करणारे औषध नाही.

जांघेतच असे का होते, याचे उत्तर शोषणात आहे. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन लावून ते किती शोषले जाते हे मोजले होते. कोपर ते मनगट या भागात होणारे शोषण १ धरले, तर कपाळावर ते सुमारे ६ पट, जबड्यावर १३ पट आणि वृषणाच्या त्वचेवर ४२ पट आढळले. तळपायाला मात्र जेमतेम सातवा हिस्सा. म्हणजे टाचेच्या घट्ट्यावर बेताचे काम करणारी ट्यूब जांघेत किंवा चेहऱ्यावर लावली, की तिचा परिणाम आणि अपाय दोन्ही कितीतरी पटींनी वाढतात. त्यात काख आणि जांघ या कायम मिटलेल्या, घामेजलेल्या जागा. तिथे औषध आपोआपच झाकले जाऊन आणखी आत मुरते. लंगोटाखाली किंवा डायपरखाली बाळाला लावलेले तीव्र स्टिरॉइड तर रक्तात उतरून शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणारे स्टिरॉइडच बंद पाडू शकते.

इथे दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली पाहिजे, नाहीतर या पत्राचा अर्थ ‘स्टिरॉइड म्हणजे विष’ असा घेतला जाईल आणि ते नुकसान पहिल्यापेक्षा कमी नसेल. हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो, हे १९५२ मध्ये दिसून आले आणि तेव्हापासून आजवर इसब, ॲलर्जीचा दाह, सोरायसिस अशा आजारांत या मलमांना समर्थ पर्याय फार थोडे मिळाले आहेत. गाजरगवताच्या ॲलर्जीने पापण्या, मान आणि कोपराच्या लवणी सुजून रात्ररात्र खाजवत बसणारा शेतकरी, सिमेंटने हात भेगाळलेला गवंडी, जन्मापासूनच्या इसबाने न झोपणारे लेकरू, यांना योग्य स्टिरॉइड योग्य मुदतीपर्यंत न देणे हाही अन्यायच आहे. ‘स्टिरॉइड आहे, जपून’ एवढे ऐकून आई बाळाला इवलेसे मलम कसेबसे दोन दिवस लावते, इसब दबत नाही, खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात, आणि शेवटी अधिक तीव्र औषध द्यावे लागते, असेही मी वरचेवर पाहतो. हे औषध ज्या आजारासाठी आहे त्या आजाराला, त्या जागेला झेपेल इतक्या तीव्रतेचे, पुरेसे आणि ठरावीक दिवसच लावायचे असते. हा निर्णय कातडी पाहिल्याशिवाय होत नाही, आणि म्हणूनच चिठ्ठी लागते.

तीव्रतेबाबत काउंटरवर एक गैरसमज नेहमी दिसतो. खोक्यावर १ टक्का लिहिलेले मलम ०.०५ टक्क्यापेक्षा जोरदार असणार, असे गिऱ्हाईक धरून चालते आणि काही वेळा नवशिका सेल्समनही. वस्तुस्थिती उलटी आहे. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सर्वांत सौम्य गटात मोडते, ०.१ टक्का मोमेटासोन आणि ०.१ टक्का बीटामेथासोन व्हॅलरेट हे तीव्र गटात, आणि ०.०५ टक्का क्लोबेटासोल अतितीव्र गटात, म्हणजे शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच असते. चेहऱ्याला आणि जांघेला सर्वसाधारणपणे सौम्य औषध, तेही थोडे दिवस. तळहात-तळपायांच्या जाड कातडीला मात्र सौम्य औषध पुरत नाही. म्हणून ‘तेच औषध आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे म्हणून दुसरी ट्यूब देताना आतील स्टिरॉइडचे नाव एकदा वाचावे, ही विनंती. चिठ्ठीत लिहिलेल्या नावाला केवळ ‘प्लस’ किंवा एखादे अक्षर जोडलेली ट्यूब पुष्कळदा अगदी वेगळेच औषध निघते.

किती लावायचे, हे तर आपणच सर्वांत चांगले सांगू शकता. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून मलमाची वळी काढली तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन हातांच्या पंजांएवढ्या जागेला, बोटांसकट, पुरते. १९९१ पासून जगभर हेच माप वापरले जाते. चेहरा आणि मान मिळून अशी अडीच पेरे, एका दंडापासून मनगटापर्यंत तीन, एका पायाला सहा. या मापाचा उपयोग आपल्याला दोन्ही बाजूंनी होईल. एका पंजाएवढ्या चट्ट्याला एका वेळी पाव ग्रॅम लागते; दिवसातून दोनदा लावले तरी १५ ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरायला हवी. तेवढ्याच चट्ट्यासाठी तिसऱ्याच आठवड्यात नवी ट्यूब मागायला आलेला माणूस एकतर थापून लावतो आहे, किंवा रोग पसरला आहे, किंवा घरात आणखी कोणी ती वापरते आहे. उलट दोन्ही पायांवर इसब असलेल्या रुग्णाला एका वेळेलाच सहा ग्रॅम लागते. त्याला एक छोटी ट्यूब देऊन ‘महिनाभर पुरवा’ म्हणणे म्हणजे उपचारच न करणे होय. बहुतेक वेळा दिवसातून एकदा लावलेले पुरते, हेही जाता जाता सांगतो, कारण ‘तीनदा चोळा’ हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. चोळायचे नसते, पातळ थर पसरायचा असतो, आणि बरोबर साधे व्हॅसलीन किंवा एखादे मॉइश्चरायझर दिले तर इसबाच्या रुग्णाला स्टिरॉइडची गरजच कमी पडते.

चेहऱ्याचा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असे तीन घटक एकत्र केलेले मलम असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरायचे हे औषध लग्न ठरलेल्या मुली ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून महिनोन्महिने रोज रात्री लावतात. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मैत्रीण विचारते, तिलाही नाव सांगितले जाते. पुढे चेहरा लाल पडतो, उन्हात आग होते, पुरळ उठते, गालावर लव वाढते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. आणि क्रीम सोडले की हे सगळे एकदम उसळते, म्हणून सोडताही येत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवरच्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या ५९.३ टक्के लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. तीव्र आणि अतितीव्र मलमांचा वापर ग्रामीण आणि निमशहरी रुग्णांत अधिक होता, हे त्यातले निरीक्षण मराठवाड्याने विशेष मनावर घ्यावे असे आहे. डोळ्यांभोवती दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचाही धोका असतो, हे अर्थातच त्या मुलींना कोणी सांगितलेले नसते.

खरजेच्या बाबतीत तर हा उपचार ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असाच ठरतो. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ, आणि घरात आणखी कोणी खाजवते आहे, एवढे ऐकले तरी खरजेची शंका यायला हवी. तिथे स्टिरॉइडने किडा मरत नाही. खाज दबून रोग ओळखेनासा होतो आणि वसतिगृहे, आश्रमशाळा खरजेने भरून जातात. ५ टक्के परमेथ्रिन घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळव्यापर्यंत लावायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे, हा त्याचा उपचार. तसेच, न खाजणारा फिकट चट्टा, ज्यावर स्पर्श नीट कळत नाही, तो दाखवून कोणी मलम मागितले तर त्याला काहीही देऊ नये. तो कुष्ठरोगाचा असू शकतो आणि त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

आता आपल्या अडचणींकडे येतो. ‘मी नाही दिली तर शेजारचा देईल,’ हे मला अनेक दुकानदारांनी तोंडावर सांगितले आहे आणि ते खोटे नाही. तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञ नसतो. असला तर त्याची फी, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळून ट्यूबच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. शिवाय माझ्या व्यवसायबंधूंचे वर्तनही सोवळे नाही : अनेक चिठ्ठ्यांवर ट्यूबचे नाव असते, पण कुठे लावायची, किती लावायची आणि कधी थांबायचे याचा पत्ता नसतो, आणि हीच मिश्रणे लिहून देणारे डॉक्टरही कमी नाहीत. त्यांना मी वेगळे लिहीन. पण एकट्या दुकानदाराला जे परवडत नाही ते तालुक्याच्या संघटनेने मिळून ठरवले तर परवडते, आणि म्हणून हे पत्र कोणा एकाला नसून सर्वांना आहे. आपापल्या तालुका संघटनेच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि एका ठरलेल्या तारखेपासून स्टिरॉइड असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय कोणत्याच दुकानातून जाणार नाही, असे ठरवावे. कायदा तेच सांगतो; फक्त तो सगळ्यांनी एकाच दिवशी पाळायला हवा.

चिठ्ठी असली तरी तिच्यावरची तारीख पाहावी. वर्षभरापूर्वीच्या, घडी पडून फाटलेल्या कागदावर, तोही बहुधा घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या नावाचा, पुन्हा पुन्हा तीच ट्यूब देणे हे चिठ्ठीशिवाय देण्यासारखेच आहे. ट्यूब देताना खोक्यावर पेनाने मराठीत तीन गोष्टी लिहाव्यात : कोणत्या जागी, दिवसातून किती वेळा, कोणत्या तारखेपर्यंत. चिठ्ठीत त्या नसतील तर डॉक्टरांना फोन करून विचारावे. विचारलेले आवडत नसेल अशा डॉक्टरची फार फिकीर करू नये. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टच्या कामाचाच भाग मानले आहे, आणि मराठवाड्यातल्या कित्येक गावांत औषधशास्त्र शिकलेली एकमेव व्यक्ती आपणच असता. चिठ्ठी नसलेल्या माणसाला तोवर काय द्यावे, असे विचाराल तर कॅलामाइन किंवा साधे व्हॅसलीन द्यावे, सैल सुती कपडे घालायला आणि टॉवेल वेगळा ठेवायला सांगावे.

एक सावधगिरी मात्र हवी. जे आधीच कित्येक महिने, विशेषतः चेहऱ्यावर किंवा जांघेत, अशी ट्यूब लावत आहेत त्यांना नुसते ‘आजपासून मिळणार नाही’ म्हणून परत पाठवू नये. अचानक थांबवल्यावर त्वचा लाल होऊन भयंकर आग होऊ शकते, आणि मग तो रुग्ण दुसऱ्या गावातून तीच ट्यूब आणतो. डॉक्टर अशा वेळी तीव्रता टप्प्याटप्प्याने उतरवतात किंवा टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइड नसलेले मलम देतात. त्याला जवळच्या त्वचारोग विभागात पाठवावे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत तशी सोय आहे. आणि जाताना वापरलेल्या ट्यूब खोक्यांसह सोबत न्यायला त्याला आवर्जून सांगावे. आत नेमके कोणते स्टिरॉइड होते हे कळले, की समोरच्या डॉक्टरला उपचार कुठून सुरू करायचा ते ठरवता येते.

आपला,
मराठवाड्यात काम करणारा एक त्वचारोगतज्ज्ञ